पिकअप घेण्याआधी मालकांना विचारा

दारात नवी पिकअप उभी राहते, बोनेटला हार पडतो, आळीत पेढे वाटले जातात आणि घरातल्या बाईच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हप्त्याचा. गाडी चालो वा न चालो, तो ठरल्या तारखेला येणारच. म्हणून आमच्या ज्या तरुणांना पिकअप घ्यायची आहे त्यांना आमचे सांगणे असे, की शोरूममध्ये जाण्याआधी पहाटे बाजार समितीच्या आवारात एक चक्कर मारा. तिथे पिकअपच्या रांगा लागलेल्या असतात आणि मालक चहा पीत बसलेले असतात. आम्ही त्यांच्यात बसलो, त्यांना बोलते केले.

बहुतेकांच्या तोंडी बोलेरो पिकअपचे नाव पहिले. कारण विचारले तर वेगाचे किंवा दिसण्याचे कोणी सांगत नाही. "पार्ट तालुक्याला मिळतो आणि मिस्त्रीला गाडी कळते," एवढेच उत्तर. अडीच लिटरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, मागे पाट्यांचे स्प्रिंग, दीड टनाच्या आसपास माल. २००५ साली आलेल्या टाटा एसने, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीने, गल्लीबोळातला माल उचलला हे खरे; पण त्याची ताकद पाऊण टनाची. कांद्याच्या गोण्या घाटातून न्यायच्या तर मोठी गाडीच लागते.

तक्रारीही आहेत. रिकामी गाडी खड्ड्यात उड्या मारते, पाठ कामातून जाते. मोठी तक्रार आहे ती नव्या इंजिनांची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला, गाड्यांत सेन्सर वाढले. डॅशबोर्डवर दिवा लागला की जुना मिस्त्री हात टेकतो, स्कॅनर असलेले वर्कशॉप शोधावे लागते. दोन दिवस गाडी उभी राहिली तर भाडे बुडते ते बुडते, बांधलेले गिऱ्हाईकही दुसऱ्याकडे जाते. म्हणून काहीजण जुनी गाडी बरी म्हणतात. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी असलेली फिटनेस तपासणी त्यानंतर दरवर्षी करावी लागते.

पाटे तुटतात, क्लच जळतो, टायर फुटतात. यात गाडीचा दोष किती, असे आम्ही विचारले तेव्हा मालक हसले. दीड टनाच्या गाडीवर अडीच टन घातले तर आणखी काय होणार? व्यापारी भाडे खेपेवर ठरवतो, म्हणून गोण्या चढत जातात. २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात जादा वजनाचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहे. एका दंडात कितीतरी खेपांची कमाई जाते.

कागदांचे थोडक्यात सांगतो. मालासह एकूण वजन ३ हजार किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. लायसनचा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मिटवला: एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते.

पण मागे माणसे बसवणे ही गोष्ट वेगळी. वऱ्हाड, बारसे, जत्रा, सगळ्यांना पिकअपच आठवते. मालगाडीत फुकट बसवलेल्या माणसांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे त्याच न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे. अपघात झाला तर दावा मालकाच्या घरादारावर येतो.

आम्हाला भेटलेल्या एका मालकाने सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात वऱ्हाडासाठी पिकअप दिली नाही. भांडी आणि मांडवाचे सामान तेवढे तिच्यातून नेले, माणसांसाठी पदरचे पैसे घालून बस ठरवली. मेव्हणा अजून धड बोलत नाही. बायको मात्र म्हणाली, "बोलेल की कधीतरी. बोलायला सगळे शाबूत आहेत ना!"