मेजावरील जोडणीयंत्र

टीव्हीचा बंद पडलेला रिमोट उघडून पाहिल्यास आंत बहुधा एक लहानशी पट्टी सांपडते. तिला सर्किट बोर्ड म्हणतात. अशा पट्ट्यांवर तिळाहूनही लहान चौकोनी तुकडे झाळलेले असतात. ते इतक्या नेटकेपणानें कोण बसवितो, असा प्रश्न आमच्या वर्गांत वारंवार निघतो. मोठ्या कारखान्यांत हें काम प्रचंड यंत्रें करतात. त्यांपैकीं कांहीं ताशीं ५०,००० हून अधिक तुकडे बसवितात. परंतु अलीकडे जेवणाच्या मेजावर मावेल असें धाकटें यंत्रही निघालें आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या पुण्यांतील कारखान्यांत तें पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला.

प्रथमदर्शनीं थोडी निराशाच झाली. अॅल्युमिनियमच्या दांड्यांची उघडी चौकट, तीवर मागेंपुढें व डावीउजवीकडे सरकणारी एक पेटी, आणि शेजारीं संगणक. एवढाच काय तो थाट! वेगही ताशीं फार तर हजाराच्या आंतबाहेर. तथापि काम सुरू झालें तेव्हां आम्ही तेथून हललों नाहीं.

तुकडे कागदाच्या किंवा प्लॅस्टिकच्या ८ मिलिमीटर रुंद फितींत, एकेका खळग्यांत एकेक, असे येतात. फितीच्या कडेस दर ४ मिलिमीटरवर भोंक असतें. फीडर नांवाचा भाग या भोंकांत दांते अडकवून फीत पुढें ओढतो व वरचा पापुद्रा सोलून काढतो. मग एक पोकळ सुई खालीं येऊन तुकडा उचलते. ही किमया हवेची. सरबताची नळी तोंडांत धरून कागदाच्या कपट्यावर टेकवावी व श्वास ओढावा, म्हणजे कपटा नळीस चिकटतो. मुलांनीं हें घरीं करून पाहावें. येथें श्वास ओढण्याचें काम एक लहान पंप करतो.

खरें कौतुक पुढेंच आहे. खळगा किंचित् सैल असल्यामुळें तुकडा सुईवर थोडा वांकडा लागतो. आम्हीं पाहिलेला रेझिस्टर १.६ मिलिमीटर लांब व ०.८ मिलिमीटर रुंद होता. त्यास केंसभर चूकही पुष्कळ झाली. म्हणून सुई प्रथम एका कॅमेऱ्यावरून जाते. तो खालून चित्र घेतो, संगणक वांकडेपणा मोजतो, व सुई तितकी फिरते. दुसरा कॅमेरा वरून सर्किट बोर्डावरील तांब्याचे गोल ठिपके शोधतो, कारण मनुष्यानें ठेवलेला बोर्ड अगदीं सरळ क्वचितच असतो.

अशीं यंत्रें चालविणारा ओपनपीएनपी हा प्रोग्राम कोणासही विनामूल्य घेतां येतो. अमेरिकेंतील ओपुलो या कंपनीनें तर आपल्या लुमेनपीएनपी यंत्राचे आराखडेच सर्वांस खुले केले आहेत. वरच्या इयत्तांतील मुलांनीं ते अवश्य पाहावे.

पूर्वी या कारखान्यांत हेंच काम दोन स्त्रिया भिंग लावून चिमट्यानें करीत. यंत्रामुळें त्यांच्या पोटावर पाय आला कीं काय, हें आम्हीं मुद्दाम विचारिलें. पालकांच्या मनांतही तेंच येईल. दोघीही कामावर आहेत. एक फिती चढविते व प्रत्येक तुकड्याची जागा संगणकांत भरते. त्या दिवशीं या तयारींतच सकाळ गेली, आणि पहिला बोर्ड मात्र कांहीं मिनिटांत भरला. पांच बोर्ड हवे असतील तर चिमटाच बरा, पन्नास असतील तर यंत्र, असें तिचें मत. आम्हांसही तें पटलें. दुसरी प्रत्येक बोर्ड तपासते. परंतु घाईच्या दिवसांत रोजानें येणाऱ्या तिसऱ्या बाईस आतां बोलावीत नाहींत. तिचें पुढें काय झालें, याचें समाधानकारक उत्तर आम्हांस मिळालें नाहीं.

तपासणीस कमी लेखूं नये. एका डायोडची दिशा संगणकांत उलटी भरली गेली होती. यंत्रानें तो प्रत्येक बोर्डावर, मोठ्या अचूकपणें, उलटाच बसविला! त्यास डायोड म्हणजे काय हें ठाऊक नसतें. सांगितलेली जागा व सांगितलेला कोन एवढेंच तें जाणतें. तपासणाऱ्या बाईंच्या नजरेस ही चूक तिसऱ्या बोर्डावर आली.

तुकडे सोल्डरच्या ओल्या पेस्टवर नुसते चिकटलेले असतात. नंतर बोर्ड भट्टींत जातो. कथील, चांदी व तांबें यांचें हें मिश्रण सुमारें २१७ अंश सेल्सिअसला वितळूं लागतें. वितळलेल्या धातूच्या पृष्ठताणामुळें किंचित् तिरका तुकडा आपोआप सरळ होतो. मात्र एक टोंक आधीं वितळल्यास तोच ताण तुकड्यास उभा करतो. या दोषास कारखान्यांत ‘टूंबस्टोन’, म्हणजे कबरेवरील दगड, म्हणतात, आणि भिंगांतून तो दिसतोही तसाच. आमच्यासमोर असा एक निघाला. बाईंनीं झाळणी तापविली, चिमट्यानें तुकडा आडवा केला, व बोर्ड पुढच्या टेबलाकडे दिला. तेथें लांब पायांचे मोठे भाग अजून हातानेंच बसवितात.