गाय गाभण आहे कीं नाहीं?

दावणीची गाय गाभण आहे कीं भाकड, हा प्रश्न वरवर पाहतां लहान वाटतो. परंतु शेतकऱ्याच्या जमाखर्चांत त्याचें मोल मोठें आहे. गाय साधारणतः दर २१ दिवसांनीं माजावर येते. एक माज हुकला कीं तीन आठवडे गेले. चार हुकले कीं जवळजवळ तीन महिन्यांचा चारा फुकट गेला असें समजावें.

चामोर्शीकडील आमच्या भागांत ही अडचण विशेष आहे. वैनगंगेकांठचा हा धानाचा मुलूख. गुरें सकाळीं गुराख्याच्या स्वाधीन करावयाचीं, तीं दिवसभर रानांत चरून सायंकाळीं घरीं यावयाचीं. गाय कोणत्या दिवशीं फळली, हें मालकास ठाऊक नसतें. विचारल्यास, "मार्कंड्याच्या यात्रेच्या सुमारास फळली असावी," असें उत्तर मिळतें. आणि यात्रा तर अनेक दिवस चालते! पूर्व विदर्भांतील आपल्या कठाणी गाईस २०२३ सालीं स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली. जातीची नोंद झाली, पण आपल्या गोठ्यांतील वही कोरीच आहे.

यांत आम्ही स्वतःस वगळीत नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतांना आम्हीं दुसऱ्यांच्या जमिनींच्या नोंदी वर्षानुवर्षें बिनचूक केल्या. पण घरच्या गाईची एक तारीख टिपून ठेविली नाहीं. गाय आटली, पोट दिसेना, म्हणून भाकड समजून आम्हीं ती बाजारांत थोडक्यांत विकली. साडेतीन महिन्यांनीं ती घेणाऱ्याच्या गोठ्यांत व्याली व कालवड झाली. एकदां तपासून घेतली असती, तर ती कालवड आज आमच्या दावणीस असती.

"माज थांबला म्हणजे गाय गाभण" ही समजूत अर्धीच खरी आहे. उपासमारीनें, अशक्तपणानें किंवा गर्भाशयाच्या रोगानेंहि माज थांबतो. म्हशीचा माज तर उन्हाळ्यांत पुष्कळदां मुका असतो. तो ओळखूं येत नाहीं. उलटपक्षीं, क्वचित् गाभण गाईहि माजाचीं लक्षणें दाखवितात. अशा वेळीं न तपासतां पुन्हां कृत्रिम रेतन केल्यास गर्भ पडण्याचें भय असतें.

जुने लोक उजव्या कुशीवर मूठ दाबून पाहतात. हें निराधार नव्हे. डाव्या बाजूस मोठें पोट असल्यामुळें गर्भ उजवीकडे असतो आणि दाबतांच तो मागें सरून पुन्हां मुठीस लागतो. परंतु ही खूण पांचसहा महिन्यांनंतरची. तोंवर गाय रिकामी असल्यास बराच काळ वाया गेलेला असतो.

खात्रीची रीत म्हणजे पशुवैद्याकडून तपासणी. पशुवैद्य गुदद्वारांतून हात घालून आंतड्याच्या पातळ भिंतीमधून गर्भाशय चांचपतात. कुशल हातास दोनअडीच महिन्यांनीं गर्भ कळतो. तीन महिन्यांनीं सहसा शंका राहत नाहीं. सोनोग्राफी यंत्र असेल तेथें सुमारें एका महिन्यानंतरच कळूं शकतें. मात्र हें काम शिकलेल्या माणसाचेंच आहे. अडाणी हातानें आंतडें फाटण्याचा किंवा गर्भास इजा होण्याचा धोका असतो. म्हणून शेजाऱ्याच्या धीरावर हा प्रयोग कोणीं करूं नये.

आतां वहीविषयीं. एका पानावर एक जनावर घ्यावें. त्याच्या कानांतील बिल्ल्याचा बारा आंकडी क्रमांक, माजाची तारीख, वळूची किंवा रेतनाची तारीख, तपासणीचा निकाल आणि विण्याची तारीख, एवढे रकाने पुरेत. फळल्यापासून १८ ते २४ दिवसांपर्यंत सकाळसंध्याकाळ लक्ष ठेवावें. गाय उलटली तर तेंहि लिहावें. गुराख्यासहि सांगून ठेवावें कीं रानांत माज दिसल्यास त्याच सायंकाळीं कळवावें.

गाईचा काळ सुमारें नऊ महिने नऊ दिवसांचा, म्हशीचा दहा महिने दहा दिवसांचा धरावा. समजा, गाय १० जुलैस फळली. १० ऑक्टोबरच्या सुमारास तपासणी करावी. गाभण ठरल्यास १९ एप्रिलच्या आसपास ती विणार. म्हणून १९ फेब्रुवारीपासून दूध काढणें बंद करून तिला दोन महिने विसांवा द्यावा आणि खुराक वाढवावा. तपासणींत गाय रिकामी निघाली तर निराश होऊं नये. कारण शोधून औषधोपचार करण्यास अजून वेळ असतो.

धानाचें बीं पेरल्यावर तें उगवलें कीं नाहीं हें आपण दररोज बांधावर जाऊन पाहतों. गोठ्यांतील पेरणीची चौकशी मात्र वर्षानंतर करितों. वाचकांनीं या महिन्यांत एक वही घालावी आणि जिच्याविषयीं संशय आहे अशी एक तरी गाय तपासून घ्यावी. तपासल्यावांचून भाकड म्हणून तिचें दावें सोडूं नये, एवढीच आमची विनंती आहे.