कपॅसिटर-बदलात इजा झालेल्या सर्किट बोर्डाची दुरुस्ती : कारणमीमांसा, निदान आणि कार्यपद्धती

बीजसंज्ञा : सर्किट बोर्ड, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, सोल्डरिंग, पॅड, प्रयोगशाळा-व्यवस्थापन

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील पॉवर सप्लाय, फंक्शन जनरेटर किंवा संगणकाचा मदरबोर्ड बंद पडतो, तेव्हा त्यामागे अनेकदा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा साधा घटक असतो. त्यातील द्रवरूप इलेक्ट्रोलाइट काळाच्या ओघात व उष्णतेमुळे आटत जातो. इसवी सन २००० नंतरच्या काही वर्षांत तर सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे जगभर असंख्य मदरबोर्डांवरील कपॅसिटर फुगले व फुटले. असा कपॅसिटर बदलणे हे अल्प खर्चाचे काम आहे. मात्र तो काढताना बोर्डावरील तांबे उखडले, तर मूळ दोषापेक्षा मोठा दोष निर्माण होतो. मग ते उपकरण डेड स्टॉक रजिस्टरमधील निर्लेखनाच्या यादीत जाते, आणि ज्या विद्यार्थ्याच्या हातून हे घडले तो पुन्हा सोल्डरिंग आयर्न हाती घेण्यास धजत नाही. वस्तुतः अशा इजेपैकी बरीचशी दुरुस्त होण्याजोगी असते. ती कशी ओळखावी व कशी सुधारावी, याचे विवेचन करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

इजेचे मूळ कारण

सर्वसाधारण बोर्ड काचतंतू व इपॉक्सी यांच्या थरांचा बनलेला असतो. त्यावरील तांब्याचा पत्रा बहुधा अवघा ३५ मायक्रोमीटर जाडीचा असतो. दुहेरी बोर्डात कपॅसिटरची तार ज्या छिद्रातून जाते, त्याच्या आतील भिंतीलाही तांब्याचा सुमारे २५ मायक्रोमीटरचा मुलामा असतो. वरचा आणि खालचा ट्रॅक जोडण्याचे काम हा मुलामा करतो.

इजा जास्त उष्णतेमुळे होते, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धसत्य आहे. शिसेयुक्त ६३:३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते, तर शिसेविरहित सोल्डरला सुमारे २१७ ते २२० अंश लागतात. युरोपीय संघाचे निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू झाल्यानंतर शिसेविरहित सोल्डरचा वापर वाढला. त्यातच कपॅसिटरची ऋण तार बहुधा ग्राउंडच्या विस्तीर्ण ताम्रपृष्ठाला जोडलेली असते आणि ते पृष्ठ उष्णता शोषून घेते. बोर्ड जळेल या भीतीने कमी शक्तीचे आयर्न वापरले, तर छिद्राच्या तळाचे सोल्डर वितळते, पण वरच्या भागातील घट्टच राहते. आयर्न दीर्घकाळ टेकलेले असल्याने दरम्यान तांबे व इपॉक्सी यांचे बंधन सैल झालेले असते. अशा वेळी कपॅसिटर ओढला की तारेबरोबर पॅड आणि मुलामाही बाहेर येतो. सारांश, अपुरी उष्णता, दीर्घ काळ आणि बळ या तिहींच्या संयोगातून बहुतेक इजा घडते.

इजेचे प्रकार व निदान

इजेचे स्थूलमानाने चार प्रकार संभवतात : (१) पॅड उचलला गेला, पण ट्रॅकशी जोडलेला आहे, (२) पॅड तुटून नाहीसा झाला, (३) छिद्रातील मुलामा निघाला, (४) इपॉक्सी जळून काळे झाले.

यांपैकी तिसरा प्रकार सर्वांत फसवा होय. खालच्या बाजूने नवा कपॅसिटर उत्तम जोडलेला दिसतो, परंतु वरच्या ट्रॅकशी संबंध तुटलेला असतो आणि ती जागा कपॅसिटरच्या बुडाखाली झाकली जाते. उपकरण कधी चालते, कधी अडखळते, आणि दोष भलत्याच घटकावर येतो. म्हणून मल्टिमीटरने केवळ पॅडवर तपासणी न करता, कपॅसिटरच्या तारेपासून तो ट्रॅक जेथे पोहोचतो त्या घटकाच्या पायापर्यंत सलगता तपासावी. बोर्डामागे दिवा धरून भिंगातून पाहिल्यास बाहेरच्या थरांवरील ट्रॅकचा मार्ग बहुधा उमगतो. त्याच प्रकारचा दुसरा सुस्थितीतील बोर्ड प्रयोगशाळेत असल्यास तुलनेसाठी त्याहून चांगले साधन नाही.

दुरुस्तीची कार्यपद्धती

प्रथम सुरक्षितता. २३० व्होल्टवर चालणाऱ्या एसएमपीएसमधील मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटच्या रोधकातून तो विसर्जित करावा. २२० मायक्रोफॅरडसाठी कालांक २.२ सेकंद येतो, म्हणजे सुमारे ११ सेकंदांत व्होल्टता एक टक्क्याखाली जाते. तरीही मीटरने खात्री केल्याशिवाय हात लावू नये.

त्यानंतर जळका फ्लक्स व गळलेला इलेक्ट्रोलाइट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा. काळे पडलेले इपॉक्सी खरवडून काढणे अत्यावश्यक आहे, कारण त्यातील कार्बन विद्युतवाहक ठरू शकतो. बुजलेले छिद्र ड्रिलने उघडू नये. उरलासुरला मुलामाही त्यात निघतो. त्याऐवजी फ्लक्स व थोडे ताजे शिसेयुक्त सोल्डर घालून ते पूर्ण वितळवावे आणि मगच सोल्डर पंपाने ओढून घ्यावे.

उचललेला पण अखंड पॅड इपॉक्सी डिंकाने जागेवर बसवावा. पॅड नाहीसा झाला असल्यास ट्रॅकवरील हिरवे आवरण तीन ते पाच मिलिमीटर हलकेच खरवडून तांबे उघडे करावे, त्यावर सोल्डरचा पातळ थर द्यावा आणि कपॅसिटरची तारच वाकवून त्यावर जोडावी. मुलामा निघालेल्या छिद्रातून बारीक तांब्याची तार घालून दोन्ही बाजूंच्या ट्रॅकला जोडावी. येथे कपॅसिटर बोर्डापासून किंचित वर ठेवल्यास वरचा जोड दृष्टीस पडतो. चार थरांच्या बोर्डात आतील ग्राउंडशी संबंध तुटला असल्यास जवळच्या दुसऱ्या ग्राउंड-बिंदूपर्यंत तार नेता येते. मात्र ती आखूड असावी. एक सेंटिमीटर तार साधारणतः १० नॅनोहेन्रीचे प्रेरकत्व वाढवते, आणि प्रोसेसरजवळील वेगवान प्रवाहात तेवढेही बाधक ठरू शकते. शेवटी जोडतार डिंकाने स्थिर करावी.

नवा कपॅसिटर त्याच मायक्रोफॅरडचा, समान वा अधिक व्होल्टतेचा, १०५ अंशांचा आणि स्विचिंग परिपथासाठी कमी ईएसआरचा असावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून खरेदी करताना केवळ मायक्रोफॅरड व व्होल्ट सांगून भागत नाही. ईएसआर व तापमानही सांगावे लागते. कपॅसिटरवरील पट्टा ऋण बाजू दर्शवतो. बोर्डावरील खूण मात्र सर्व उत्पादकांची सारखी नसते, म्हणून ग्राउंडशी सलगता पाहून ध्रुवता निश्चित करावी.

चाचणी

वीज देण्यापूर्वी कपॅसिटरच्या दोन्ही टोकांत शॉर्ट नसल्याचे पाहावे. मुख्य विजेवरील उपकरण प्रथम १०० वॅटच्या तंतूच्या दिव्यामधून एकसरीत जोडून सुरू करावे; शॉर्ट असल्यास दिवा प्रखर पेटतो आणि बोर्ड वाचतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये १२ व्होल्टची वाहिनी ११.४० ते १२.६० आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत हवी. सीआरओवर तरंग अनुक्रमे १२० व ५० मिलिव्होल्टच्या आत असावेत.

मर्यादा

विजेची मुख्य बाजू व कमी दाबाची बाजू यांमधील विलगीकरणाच्या पट्ट्यातच बोर्ड जळाला असेल, तर दुरुस्तीचा मोह टाळावा. तेथे प्रश्न उपकरणाचा नसून ते हाताळणाऱ्या विद्यार्थ्याच्या जिवाचा असतो. आतील थरांचे अनेक ट्रॅक तुटले असल्यासही निर्लेखनच योग्य. असे बोर्ड भंगारात न देता, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे सोपवावेत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, बोर्डाची दुरुस्ती म्हणजे त्याचे मूळ रूप परत आणणे नव्हे, तर तुटलेला विद्युतसंबंध सुरक्षितपणे पुन्हा प्रस्थापित करणे होय. तो संबंध कोणता होता हे आधी शोधावे आणि आयर्न नंतर तापवावे, हा क्रम पाळल्यास बरीच उपकरणे निर्लेखनापासून वाचतील. विभागाने निर्लेखनाच्या प्रस्तावापूर्वी सलगतेची तपासणी अनिवार्य करावी आणि टाकाऊ बोर्डांवर विद्यार्थ्यांना कपॅसिटर काढण्याचा सराव द्यावा, असे सुचवावेसे वाटते. उखडलेला पॅड पुन्हा जोडलेला विद्यार्थी बोर्डाची रचना जितकी जाणतो, तितकी ती आकृती काढून समजणे अवघड आहे.