वाक्स्खलन आणि बुद्धी

राजकीय पुढाऱ्याची जीभ सभेत घसरली, की ऐकणारा त्याच्या बुद्धीचा निकाल तत्काळ लावून मोकळा होतो. हा निकाल कितपत न्याय्य असतो, हा प्रश्न वरवर पाहता वृत्तपत्रांचा वाटतो. पण तो समीक्षेचाही आहे. वाक्यावरून वक्त्याच्या मनाचा ठाव घेणे हे आपलेच काम होय, आणि ते किती जपून करावे लागते याचा वस्तुपाठ झांशीच्या इतिहासात सापडतो.

१८५४ साली डलहौसीने झांशी खालसा केल्यावर राणी लक्ष्मीबाईने जॉन लँग या वकिलाला सल्ल्यासाठी बोलावून घेतले. भेट पडद्याआडून झाली. दत्तक पुत्राच्या हातून पडदा बाजूला सरला तेव्हा लँगला राणीचे ओझरते दर्शन घडले. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने लिहिले आहे, की तिची मुद्रा बुद्धिमान होती, आवाज मात्र कानाला गोड नव्हता. म्हणजे डोळ्यांनी एक साक्ष दिली आणि कानांनी दुसरी. झांशी न देण्याचे ते विख्यात वाक्यही लँगने हिंदुस्थानीत नोंदले आहे; आणि त्याच्या नोंदीत 'झांसी'च्या मागे 'मेरी' नसून 'मेरा' आहे, क्रियापद तर अनेकवचनी आहे. व्याकरणाच्या परीक्षेत हे वाक्य उतरणार नाही.

हा दोष कोणाचा? हिंदीप्रमाणे मराठीतही झांशी स्त्रीलिंगीच आहे. तेव्हा मराठी घरात वाढलेल्या स्त्रीच्या तोंडून येथे पुल्लिंग येण्याचे कारण दिसत नाही. उलट, ज्याच्या मातृभाषेत निर्जीव वस्तूंना व्याकरणिक लिंगच नाही, त्या इंग्रजी कानाला 'मेरा' आणि 'मेरी' यांतील भेद निसटणे स्वाभाविक होते. लोकांनी पुढे 'मेरी' असा पाठ रूढ केला. पण त्यातही एक खूण उरतेच. कर्ता 'मैं' असता हिंदीची सहज प्रवृत्ती 'अपनी' म्हणण्याची. मराठीत मात्र 'मी माझी' हे अगदी घरचे बोलणे. तेव्हा 'मेरी'मागे मराठी वळण असणे शक्य आहे. एक दोष ऐकणाऱ्याचा, दुसरा मातृभाषेचा. बुद्धीच्या खात्यावर यांपैकी काहीही मांडता येत नाही.

त्या बुद्धीचा पुरावा अन्यत्र आहे. दत्तकविधानाच्या मान्यतेसाठी राणीने पाठविलेल्या खलित्यात कंपनीशी झालेल्या तहांचा आधार घेतला आहे आणि ओर्छा, दतिया येथील दत्तकांचे दाखले दिले आहेत. हे खलिते फारसीत मुनशींच्या हातून उतरत. म्हणून त्यांची निर्दोष भाषा हाही तिच्या बुद्धीचा पुरावा नव्हे. पुरावा आहे तो युक्तिवादाचा. अशुद्ध वाक्यावरून मूर्खपणा सिद्ध होत नसेल, तर शुद्ध वाक्यावरून शहाणपणही सिद्ध होत नाही, हे आपण सहसा विसरतो.

केवळ जिभेची घसरण ही तर याहूनही निष्पाप. व्हिक्टोरिया फ्रॉमकिन या भाषाशास्त्रज्ञ विदुषीने १९७१ साली दाखवून दिले, की बोलण्यातील चुका स्वैर नसतात; वर्णांची अदलाबदलसुद्धा भाषेचे नियम पाळून होते. चुकणारी जीभ भाषेच्या यंत्राची रचना उघड करते, यंत्र बिघडल्याची ग्वाही देत नाही. काही वेळा तर गोंधळ हेतुपुरस्सर असतो. १९५५ साली क्वेमॉय-मात्सूच्या पेचप्रसंगी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी, अडचणीचा प्रश्न आल्यास आपण वार्ताहरांना गोंधळात टाकू, असे आपल्या प्रसिद्धिसचिवाला आधीच सांगून ठेवले होते. त्यांच्या अडखळत्या वाक्यांना हसणारे लोक त्यांच्या धूर्तपणाचेच बळी ठरत होते.

मग पुढाऱ्याच्या बोलण्याला काहीच मोल नाही काय? आहे, परंतु ते निराळ्या मापाने मोजावे लागते. नोव्हेंबर १९०८ नव्हे, अगदी आपल्या स्मरणातील नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर महाराष्ट्राचे गृहमंत्री आर. आर. पाटील हिंदीतून बोलले. मोठ्या शहरात अशा लहानसहान गोष्टी घडतात, असा अर्थ त्यांच्या शब्दांतून निघाला आणि १ डिसेंबरला त्यांनी पद सोडले. मराठी सभा जिंकणारा हा अंजनीचा पुढारी परभाषेत एका रूढ, चित्रपटातून सर्वतोमुखी झालेल्या शब्दबंधाच्या आहारी गेला, असे म्हणता येईल. ग्रामस्वच्छता अभियान खेडोपाडी नेणाऱ्या माणसाला मंदबुद्धी म्हणणे हास्यास्पद होय. तरीही लोकांचा क्षोभ खोटा नव्हता. जेथे शोक उचित होता तेथे सांत्वनाचा हलका सूर लागला. क्षेमेंद्राच्या परिभाषेत बोलायचे तर दोष औचित्याचा होता. बुद्धी आणि औचित्य या दोन वेगळ्या शक्ती आहेत, आणि सत्ताधाऱ्याकडून दुसरीची अपेक्षा करण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे.

अनुवादकाच्या व्यवसायात आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आवडत्या नेत्याचे भाषण उतरवताना अर्धवट वाक्ये आपण न कळत पुरी करतो, नावडत्याची मात्र अडखळणीसह छापतो. खेड्यातून आलेल्याचा उच्चार आपल्याला अज्ञान वाटतो. इंग्रजी शाळेत शिकलेल्याचे तेच अडखळणे चिंतन वाटते. अशा वेळी परीक्षा वक्त्याची नसून आपल्या पूर्वग्रहांची होत असते. आणि तिची किंमत केवळ त्या वक्त्यालाच मोजावी लागते असे नाही: जिभेला हसण्यात गुंतलेला समाज निर्णयाची तपासणी करावयाची विसरतो.

तात्पर्य, चुकलेल्या वाक्याला आधी विचारावे, की तू कोणाच्या कानातून, कोणत्या भाषेतून आणि कोणत्या प्रसंगातून येथवर आलास. झांशीच्या त्या वाक्याचे लिंग चुकले असेल, वचन चुकले असेल. त्यातील नकार मात्र चुकलेला नव्हता.