उंच पोरगा म्हणजे स्टॉपरच का?

कोल्हापुरात पोराला फुटबॉलला घालायला येणारे वडील बहुधा जागा ठरवूनच येतात. "सर, उंच हाय, स्टॉपरला लावा." "ह्यो बारका हाय, पण पळतोय. विंगला घ्या." शाहू स्टेडियमवर लहानपणापासून पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे सामने बघितलेली ही माणसं. कुठल्या जागेला कसला गडी लागतो, हे त्यांना सांगावं लागत नाही. मोठ्यांच्या संघापुरतं त्यांचं बरोबरही असतं. गोलकीपर आणि स्टॉपर (मधला बचावपटू) उंच, भक्कम, विंगर वेगाचा, मिडफिल्डर दमाचा. व्यावसायिक सामन्यात मिडफिल्डर १० ते १२ किलोमीटर पळतो, गोलकीपर त्याच्या निम्म्याच्या आसपास.

घोळ होतो तो हाच हिशेब १३ वर्षांच्या पोराला लावल्यावर. मुलांची उंची सगळ्यात झपाट्यानं वाढते ती साधारण १३-१४ व्या वर्षी, पण कुणाची १२ व्या वर्षीच, तर कुणाची १५ उलटल्यावर. त्यात वयोगट १ जानेवारीपासून धरतात. जानेवारीतला आणि डिसेंबरातला पोरगा एकाच गटात येतो. एकाला मिसरूड फुटलेलं, दुसऱ्याचा आवाजही बदललेला नसतो. निवड चाचणीत कोण उठून दिसणार, हे उघड आहे. गटाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलंच जास्त निवडली जातात, असं अनेक देशांत आढळलंय. डिसेंबरातल्या पोरांवर हा अन्याय आहे, आणि तो मला सहन होत नाही.

म्हणून प्रशिक्षक म्हणून मी चाचण्या घेतो, पण जागा वाटायला नाही. डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांची यो-यो चाचणी आमच्या मैदानावर मोबाईल आणि स्पीकरवर होते. २० मीटरवर दोन कोन. बीपला सुटायचं, पुढच्या बीपला वळायचं, परत यायचं, १० सेकंद दम खायचा. वेग वाढत जातो. दोनदा बीप चुकली की बाहेर. आकड्यापेक्षा मी कोनापाशी बघतो. गटातला सगळ्यात बुटका पोरगा गुडघ्यात वाकून एका पावलात वळतो. वर्षात ताडमाड वाढलेला उंच पोरगा कोन ओलांडून दोन पावलं पुढं जातो, पायात पाय अडकतो. तो आळशी नाही. लांब झालेले पाय अजून त्याच्या ताब्यात आलेले नाहीत.

आणि मोठ्यांतही अपवाद असतातच. फॅबियो कान्नावारो पावणेसहा फुटांच्या आसपासचा. स्टॉपर म्हणून त्यानं २००६ मध्ये इटलीला कर्णधार या नात्यानं विश्वचषक जिंकून दिला. बॅक म्हणून गाजलेल्या फिलिप लामला प्रशिक्षक ग्वार्डिओलानं बायर्न म्युनिकमध्ये मिडफिल्डला आणलं.

आमच्याकडं १५ वर्षांपर्यंत जागा फिरत्या. बुटक्याला स्टॉपरला ठेवलं की हेडरला तो हरतो, मग चेंडू कुठं पडणार हे आधी ओळखायला शिकतो. उंच पोराला मिडफिल्डला घातलं की त्याला पाठीवर माणूस घेऊन वळावं लागतं. सामने हरतो आम्ही, पालक चिडतात. आपल्या गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून तर प्रत्येकालाच घाई.

पालकांकडं माझं एकच मागणं असतं. दर तीन महिन्यांनी पोराची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मांडा, तारीख घाला आणि मला कळवा. उंची एकदम वाढली असेल आणि गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखतंय म्हणत असेल, तर बाम चोळून मैदानावर पाठवू नका. डॉक्टरांना दाखवा, उड्या आणि स्प्रिंट मी तेवढे आठवडे कमी करतो.