खणांतून उमललेली मशीद : वास्तुरचनेतील क्षेत्रविचार

हुबळी-धारवाडहून निघणाऱ्या महाविद्यालयीन सहली बहुधा विजापूरच्या गोल घुमटाकडे वळतात. तेथे एक प्रचंड घुमट आणि त्याखाली एक चौरस दालन. सारे भाग त्या एका आकारासाठी राबतात. वास्तूचा आकार मात्र उलट वाटेनेही सिद्ध होऊ शकतो. कागदाखाली लोहचुंबक धरला की वरच्या लोखंडाच्या किसात रेषा उमटतात. त्या कोणी रेखाटलेल्या नसतात. प्रत्येक कण आजूबाजूच्या ओढीनुसार वळलेला असतो. पदार्थविज्ञानातील 'क्षेत्र' ही कल्पना अमेरिकन वास्तुरचनाकार स्टॅन ॲलन यांनी १९९० च्या दशकात वास्तुकलेला लावली. भागांमधील नाते आधी ठरते, संपूर्ण आकार मागाहून येतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

त्यांचे मुख्य उदाहरण स्पेनमधील कुर्तुबा, म्हणजे कॉर्डोबाच्या मशिदीचे आहे. आठव्या शतकातील ही मशीद दहाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तीनदा वाढली. खांब-कमानींच्या रांगा वाढत गेल्या, त्यांचा नियम मात्र तोच राहिला.

कलबुर्गीच्या किल्ल्यातील जामा मशीद याच विचाराने पाहण्यासारखी आहे. १३६७ मध्ये, पहिल्या महंमदशाह बहमनीच्या काळात ती बांधली गेली. लांबी २१६ फूट, रुंदी १७६ फूट. खुला सहन नाही, सगळीकडे छत. जुन्या वाड्यांमुळे 'खण' हे माप मराठी वाचकास परिचित आहेच. येथे खणामागून खण येतो, प्रत्येकावर छोटा घुमट. उजेड येतो तो बाजूंच्या रुंद कमानींतून. नमाजाची सफ जशी माणसाशेजारी माणूस उभा राहून लांबत जाते, तसेच हे खण.

पण हे क्षेत्र सपाट नाही. किब्ल्याची ओढ त्यात आहे. मेहराबीसमोर अनेक खण एकत्र होऊन त्यांवर मोठा घुमट चढतो, आणि सर्व दिशांना सारखी असलेली जाळी पश्चिमाभिमुख होते.

ही मशीद कुर्तुब्याची नक्कल आहे, असे वारंवार लिहिले जाते. ते पटण्यासारखे नाही. शिलालेखातील रचनाकार रफी हा इराणमधील कझविनचा, आणि कुर्तुबा तर १२३६ मध्येच मुस्लिम सत्तेखालून गेले होते. साम्य दिसते ते रचनेच्या नियमात. तोच नियम दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचणे अशक्य नाही.

वर्गात हे दाखवण्यास आलेखाचा कागद पुरेसा आहे. विद्यार्थ्यांनी एका चौकोनाचा नियम ठरवून तो पसरवावा, मग एकाच बाजूस ओढ द्यावी व कोणते चौकोन बदलतात ते पाहावे.