वळिवड्याची पोलिश सोयरीक

मिरजेहून येणारी गाडी रुकडीनंतर पंचगंगा ओलांडते आणि वळिवड्याचं छोटं स्टेशन लागतं. पुढे गुळ मार्केट, मग कोल्हापूर. १९४३ साली या स्टेशनावर सैबेरियाच्या हद्दपारीतून सुटलेली माणसं उतरली. पोलंडच्या बायका, मुलं, म्हातारी. तरणे पुरुष बहुतेक आघाडीवर. होता होता त्यांची संख्या पाच हजारांच्या घरात गेली आणि कोल्हापूर संस्थानात एक अख्खं पोलिश गाव उभं राहिलं.

या गावाचं वेड मला जुनं आहे. ‘भगिनी शहरं’ असा विषय मिळाल्यावर लेख कोणत्या वाटेला लागणार, हे घरच्यांनी आधीच ओळखलं. म्हणून कर्तव्य आधी उरकतो. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्री आणि स्टालिनग्राड या होरपळलेल्या शहरांनी हात मिळवले. १९५६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी भगिनी शहरांच्या चळवळीला जोर दिला. मुंबईचं योकोहामाशी १९६५ साली, पुण्याचं सॅन होजेशी १९९२ साली नातं जुळलं. पुण्याला ओकायामाच्या मैत्रीतून सिंहगड रस्त्यावरची जपानी बाग मिळाली, ती मात्र खरोखर बघण्यासारखी आहे. एरवी असले करार म्हणजे दोन महापौर, दोन झेंडे आणि शाल-श्रीफळ.

आता वळिवडे. १९३९ मध्ये पूर्व पोलंड सोव्हिएत रशियाने गिळला. पुढच्या वर्षी तिथली कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेली. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, म्हणून यांची सुटका झाली. जनरल आंडर्स यांच्या पोलिश सेनेपाठोपाठ कास्पियन समुद्र ओलांडून इराण, तिथून कराची आणि शेवटी पंचगंगेचा काठ.

खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार करत होतं, जागा संस्थानची. चटयांच्या भिंती, वर कौलं, अशा लांबलचक बराकींत बिऱ्हाडं थाटली गेली आणि दारापुढे फुलझाडं लागली. बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंत शिक्षण, चर्च, दवाखाना, नाटकांचा रंगमंच, स्काउटची पथकं, शिवाय सहकारी संस्थासुद्धा! सहकाराचं नाव निघालं की आम्हा कोल्हापूरकरांचे कान टवकारतात. पण मला अप्रूप वेगळंच वाटतं. ज्यांचं घर, शेत, नवरा, बाप सगळं गेलं होतं, त्या बायांनी रेशनची वाट बघत बसण्याऐवजी पोरांची शाळा आधी सुरू केली. नवानगर संस्थानच्या जामसाहेबांनी बालाचडीच्या छावणीत सांभाळलेली पोलिश मुलंही १९४६ मध्ये इथेच आली. जामसाहेबांचं नाव आज सगळे घेतात आणि ते घ्यायलाच हवं; पण संख्येने कितीतरी मोठी वसाहत आमच्याकडे होती, हे मी प्रत्येक वेळी भांडून सांगतो.

१९४५ मध्ये ब्रिटनने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि छावणीचा आधार तुटला. पुढचा भार संयुक्त राष्ट्रांच्या मदत यंत्रणेने उचलला. १९४८ पर्यंत माणसं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी पांगली, काही पोलंडला परतली. एक मुलगी मात्र कोल्हापूरची सून होऊन इथेच राहिली. रिकाम्या बराकींत फाळणीने उठवलेली सिंधी कुटुंबं आली. त्यांनी जे गाव वसवलं ते गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला कोकणातून, सीमाभागातून माणसं तिथे येतात. काही निर्वासितांनी सोडलेल्या छपरांखाली दुसऱ्या निर्वासितांनी एवढी पेठ उभी केली.

कोल्हापूरच्या परदेशी सोयरिकींचा विषय निघालाच आहे, तर इटलीतल्या फ्लॉरेन्सला वळल्याशिवाय राहवत नाही. आमचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथे ऐन तारुण्यात वारले. आर्नो नदीच्या संगमावर त्यांना अग्नी दिला आणि तिथे छत्री उभी राहिली. ती आखणारे मेजर मँट यांनीच पुढे आमचा नवा राजवाडाही आखला. जवळच्या पुलाला फ्लॉरेन्सकर आजही ‘हिंदी माणसाचा पूल’ म्हणतात. म्हणजे सोयरीक जोडायला कोल्हापूरला निमित्तांची वाण नाही.

कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे, दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये छावणीत वाढलेली काही मुलं, आता नव्वदीकडे झुकलेली, पुन्हा येऊन गेली. वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. त्याच दौऱ्यात पोलंडच्या वीस तरुणांना दरवर्षी भारतात बोलावण्याची जामसाहेबांच्या नावाची योजना जाहीर झाली.

स्मारकं झाली. माझं म्हणणं असं, की आता वळिवड्याची सोयरीक वॉर्साशी नको, पोलंडमधल्या एखाद्या आठ-दहा हजार वस्तीच्या गावाशी करावी. राजधानीला वळिवड्याचा कचरा, सांडपाणी, अरुंद रस्ते यांत काय रस? लहान गावाला ती दुखणी ठाऊक असतात. पाहुण्यांच्या सत्काराऐवजी चार शिक्षक आणि एक पाणीपुरवठ्याचा अभियंता वर्षाआड इकडून तिकडे जावेत. अशा कराराला दिल्लीची, परराष्ट्र मंत्रालयाची संमती लागते. ती मिळेल तेव्हा मिळेल.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. वळिवडे, उचगाव, रुकडी, चिंचवाड भागातल्या ज्या घरांतून छावणीला दूध, भाजी जात होती, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं लिहून काढावं. जुना फोटो, पत्र, एखादं भांडं असेल तर भंगारात घालू नका. गावच्या शाळेत किंवा वाचनालयात नोंद करून द्या.